वाईट दिवसाचं माप

संकल्प मोडणाऱ्या माणसाला आळशी म्हणणं आधी बंद करू या.

पाडव्याला ठरवलेलं चालणं अक्षय्य तृतीयेच्या आत थांबतं, याचं कारण त्या माणसाच्या स्वभावात शोधू नका. ते ठरवण्याच्या दिवसात शोधा. पाडव्याला सुटी असते. घर आवरलेलं, माणसं घरात, झोप पुरी झालेली. त्या सकाळी कुणालाही वाटतं की रोज तासभर सहज निघेल. त्या दिवशी निघतोही. मग एक साधा मंगळवार येतो. गाडी उशिरा, साहेबांचा फोन, मुलाला ताप, टँकर आलेला नाही, रात्री साडेनऊला भांडी पडलेली. या मंगळवारात एक तास कुठून काढायचा? बुधवारी निघत नाही, गुरुवारी निघत नाही. शुक्रवारी माणूस स्वतःला नालायक ठरवतो आणि विषय मिटतो. पुढच्या पाडव्यापर्यंत.

माझं म्हणणं एका ओळीत सांगता येतं. रोज करायच्या कामाचं माप चांगल्या दिवसावरून घेऊ नका, सगळ्यात वाईट दिवसावरून घ्या. तापलेल्या मुलाच्या उशाशी बसूनही होईल, एवढंच ठरवा. जास्त झालं तर उत्तम. पण ठरवायचं तेवढंच.

हे शिकवायला कुणी यशाचा प्रशिक्षक नको. गावोगावच्या बायकांनी ते करून दाखवलं आहे, आणि तेही पैशाच्या व्यवहारात, जिथे पोकळ बोलणं चालत नाही.

बचत गटाची पहिली बैठक डोळ्यांपुढे आणा. दहा ते वीस बायका. पहिला प्रश्न, महिन्याला किती टाकायचे? एकीचा नवरा एसटीत नोकरीला आहे, तिला पाचशे जड नाहीत. दुसरी मजुरीला जाते. पाऊस लांबला की तिचं काम थांबतं, तिला किराणाही उधारीवर आणावा लागतो. नीट चालवलेल्या गटात रक्कम पहिलीवरून ठरत नाही. सगळ्यात अडचणीतल्या बाईला तिच्या सगळ्यात कोरड्या महिन्यातही जे झेपेल, तेच सगळ्यांनी टाकायचं. पन्नास तर पन्नास, शंभर तर शंभर. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पन्नास रुपयांनी काय होणार? होतं असं की ती मजूर बाई एकही महिना चुकत नाही. तिला बैठकीत मान खाली घालावी लागत नाही, म्हणून ती पुढच्या बैठकीला येते. पाचशे ठरले असते तर दुसऱ्या महिन्यात ती बाहेर, चौथ्या महिन्यात आणखी दोघी बाहेर आणि वर्षाच्या आत गट कागदावर.

नाबार्डने १९९२ साली असे ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला. आज देशभर पसरलेल्या गट आणि बँक जोडणीची सुरुवात तिथली. तारण म्हणून ठेवायला या बायकांकडे काही नव्हतं. मग बँकेने बघायचं काय? गटातल्या कुणालाही विचारा, ती पंचसूत्री बोटांवर मोजून सांगेल: नियमित बैठक, नियमित बचत, गटातल्या गटात कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. पाचांपैकी चार ठिकाणी ‘नियमित’ आहे. ‘मोठी रक्कम’ एकाही ठिकाणी नाही. ज्या बायकांना बँकेच्या पायरीवर उभं केलं जात नव्हतं, त्यांची पत या चार नियमितांवर उभी राहिली.

याची उलटी बाजूही याच गावांत बघायला मिळते. मायक्रोफायनान्सच्या आठवड्याच्या हप्त्यांनी पुष्कळ बायकांना जेरीला आणलं. तिथेही रक्कम बारीक होती, वारही ठरलेला होता. पण हप्त्याचं माप बाहेरच्या माणसाने घेतलं होतं, बाईच्या कोरड्या महिन्याला विचारलं नव्हतं. काम बारीक आहे एवढ्यावर भागत नाही. माप कुणी घेतलं, हे आधी बघावं लागतं.

पिग्मीची, म्हणजे रोजच्या बारीक ठेवीची, गोष्टही जवळचीच. पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेलेली उडुपीची बँक १९२८ पासून लोकांच्या दारात जाऊन रोज दोन आण्यांपासून ठेव गोळा करू लागली. आपल्याकडच्या पतसंस्थांचे पिग्मी एजंट आजही बाजारपेठेत दुकान ते दुकान फिरतात. भाजीवाला, पानवाला, शिंपी यांच्या गल्ल्यात पैसे आलेले असतात त्या वेळी हा माणूस समोर उभा राहतो. बचत करायची आठवण भाजीवाल्याला ठेवावी लागत नाही, कारण ती आठवण पायी चालत त्याच्याकडे येते. 

गटाला बैठक आहे, भाजीवाल्याला एजंट आहे. एकट्याने संकल्प करणाऱ्याला काय असतं? मोबाइलचा गजर, आणि तो बंद करायला एक बोट पुरतं. म्हणून बारीक कामाला खुंटी हवी. घरात आधीपासून न चुकता होणारं काहीतरी बघा आणि नवं काम त्याला बांधून टाका. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत पाठदुखीचे तीन व्यायाम. धाकट्याला शाळेच्या गाडीत बसवलं की घरी परतताना एक वळसा जास्त. माणूस असेल तर सगळ्यात उत्तम: कानडी शिकत असाल तर रोज रात्री बहिणीला फोन करून आजचं वाक्य बोलून दाखवायचं. कुणीतरी वाट बघत असलं की काम टळत नाही.

आता एकवीस दिवसांचा समाचार घेतो. एकवीस दिवसांत सवय लागते, असं शाळेच्या फळ्यापासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे लिहिलेलं असतं. या आकड्याचा माग काढला तर मॅक्सवेल माल्ट्झ हे अमेरिकन प्लास्टिक सर्जन आणि त्यांचं १९६० सालचं ‘सायको-सायबरनेटिक्स’ हे पुस्तक सापडतं. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातला ‘किमान’ वाटेत गळाला आणि चेहराही गळाला. उरला एक आकडा, आणि त्यावर शिबिरं निघाली.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ माणसांना रोज एक साधी गोष्ट करायला सांगितली, म्हणजे जेवणासोबत फळ खाणं किंवा रात्रीच्या जेवणाआधी थोडं धावणं, आणि बारा आठवडे त्यांची नोंद ठेवली. ती कृती अंगवळणी पडायला कुणाला अठरा दिवस पुरतील तर कुणाला २५४ लागतील, असा हिशेब निघाला. मधला आकडा ६६. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र फळ्यावर कुणी लिहीत नाही. एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडत नव्हता. बाविसाव्या दिवशी पहाटे जाग आली नाही म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या माणसाला हे कुणीतरी सांगायला हवं होतं. साखळी तुटली, आता काय उपयोग, या एका विचाराने जेवढे संकल्प बुडतात तेवढे आळसाने बुडत नसतील.

दहा हजार पावलांचंही तसंच.  टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ च्या सुमारास, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. यंत्राचं नाव पुढे साऱ्या जगाचा नियम झालं. अमेरिकेतल्या आय-मिन ली यांच्या गटाने सोळा हजारांवर वयस्क बायकांची पावलं मोजली आणि पुढची काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. त्यांचं सरासरी वय ७२. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमधलं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही. चालल्या म्हणूनच वाचल्या, असं अशा निरीक्षणातून सिद्ध होत नाही, हे खरं. पण गुडघे धरलेल्या सासूबाईंना दहा हजारांचं उद्दिष्ट देऊन खुर्चीत बसवून ठेवण्यापेक्षा देवळापर्यंत जाऊन येणं कितीतरी बरं, हे सांगायला आणखी पुराव्याची वाट बघायची गरज नाही.

एक धोका इथेच सांगतो. काम बारीक करा म्हटलं की लोक तयारी बारीक करतात. नवी वही आणणं, टेबल आवरणं, ॲप डाउनलोड करणं, बूट बघून ठेवणं हे सगळं कामाच्या अलीकडचं आहे. बारीक केलेला तुकडा त्याच कामाचा हवा. लिहायचं असेल तर लिहिलेलं एक वाक्य. गायचं असेल तर लावलेला षड्ज.

ज्ञानेश्वरीचं उदाहरण घ्या. मराठी घरांमधल्या किती माणसांच्या मनात ‘एकदा नीट वाचायची आहे’ हे घोळत असतं! सार्थ प्रत घरात असते, पहिल्या अध्यायात खूण असते आणि खूण वर्षानुवर्षं तिथेच असते. अठरा अध्याय, ओव्या नऊ हजारांच्या आसपास. रोज पाच ओव्या अर्थासह घेतल्या तर पाच वर्षं लागतील. दहा घेतल्या तर अडीच. आणि वाईट दिवशी? एक ओवी. दवाखान्याच्या बाकावर बसून एक ओवी होते. कुणी म्हणेल, सप्ताहात लोक सात दिवसांत पारायण करतातच की. करतात, कारण त्या सात दिवसांत गावानेच आपलं वेळापत्रक बदललेलं असतं. मांडव घातलेला असतो, पंगतीचं जेवण दुसरं कुणीतरी रांधत असतं, व्यासपीठावर चालक बसलेले असतात. वाचणाऱ्याच्या दिवसातून वाईट मंगळवार गावाने काढून टाकलेला असतो. घरी एकट्याने वाचणाऱ्याला ही सोय नाही. त्याने पाच ओव्यांवर समाधान मानण्यात कसलाही कमीपणा नाही.

विश्रांतीही आधीच आखावी लागते. वारीचं वेळापत्रक कधी बारकाईने वाचलंय? ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून निघते आणि वाखरीमार्गे पंढरपूरला पोहोचते तेव्हा अडीचशे किलोमीटरच्या आसपास अंतर पायाखालून गेलेलं असतं. सगळे टप्पे सारखे नाहीत. सगळ्यात लांबची चाल पुणे ते सासवड, तीस किलोमीटरच्या आसपास, आणि त्यात दिवेघाट. या चालीच्या आधी पुण्यात दोन रात्री मुक्काम आणि चालीनंतर सासवडलाही दोन रात्री मुक्काम. पुढे जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव असे रोजचे मुक्काम, आणि एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला जाताना वाटेत विसावे. ज्या दिवशी चढ आहे त्या दिवसाच्या दोन्ही अंगांना विश्रांती ठेवलेली आहे. पंचाहत्तरीची म्हातारी डोक्यावर तुळस घेऊन पंढरपूरला पोहोचते, त्यात तिची भक्ती आहेच. त्याबरोबर, तिचे पाय विचारात घेऊन केलेली ही आखणीही आहे. आपण आपले संकल्प आखतो तेव्हा दिवेघाट रोज ठेवतो आणि सासवडचा मुक्काम कधीच ठेवत नाही. परीक्षेचा आठवडा, घरातलं लग्न, आर्थिक वर्षअखेरीचा मार्च हे चढ आधीपासून माहीत असतात. त्यांच्या आगेमागे सुटी लिहून ठेवायला काय हरकत आहे?

बारीक काम किती दूर नेतं, तेही बघा. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्याविषयी बोलताना आपण ‘अफाट’ म्हणून मोकळे होतो. मला त्यांच्याबद्दल वाटतो तो आदर तारखा वाचून वाटतो. ते मुंबईत वकिली करत. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाची त्यांनी संपादित केलेली आवृत्ती १९२६ साली निघाली. त्याला जोडायची प्रस्तावना वाढत गेली आणि तिचा ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ झाला. पहिला खंड १९३० साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने काढला, तेव्हा काणे पन्नाशीचे. मग १९४१, १९४६, १९५३, १९५८, आणि शेवटचा भाग १९६२ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. एकूण साडेसहा हजारांच्या आसपास पानं. भागाकार केला तर १९२६ पासूनची छत्तीस वर्षं, दोन दिवसांना एक छापील पान. अर्थात सरासरी फसवी असते. त्या एका पानामागे किती पोथ्या उलगडल्या गेल्या असतील ते भागाकारात येत नाही. या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, राज्यसभेत गेले, आणि शेवटचा भाग निघाल्यावर १९६३ साली भारतरत्न झाले. मला दिसतात ते खंडांमधले अकरा वर्षांचे, पाच वर्षांचे, सात वर्षांचे काळ. बाहेरच्याला काहीच घडताना दिसत नव्हतं असे ते काळ. त्या काळात दोन दिवसांना एक पान पुढे सरकत होतं.

बारीक पावलांचा उपदेश कुठे करू नये, हेही सांगायला हवं. पीक बुडालेल्या शेतकऱ्याला रोज थोडी बचत करा म्हणणं क्रूर आहे. त्याला भाव हवा, विमा हवा, पाणी हवं. पुण्याच्या पेठेत खोली घेऊन एमपीएससीच्या जागा निघण्याची वाट बघणाऱ्या मुलाचा प्रश्न त्याच्या सवयींचा नाही. तो पहाटेपासून अभ्यासिकेत बसलेला असतो, पुढे सरकायची आहे ती सरकारची जाहिरात. ज्या गोष्टी दुसऱ्याच्या हातात आहेत, त्यांचं ओझं माणसाच्या दिनक्रमावर टाकणारे सल्लागार मला मनापासून नकोसे वाटतात.

आणि पहाटे पाचला उठा सांगणारे तर जास्तच. पाचला या राज्यातल्या लाखो बायका उठतातच. नळाला पाणी येतं म्हणून, डबे करायचे म्हणून. त्यांच्या उठण्याला कुणी यशाची सवय म्हणत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बायकांची त्यातली दिवसाची सरासरी निघाली २८९ मिनिटं. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. दोन्हींमध्ये तीन तासांहून अधिक अंतर आहे. बारीक बारीक कामांनी मोठी उद्दिष्टं गाठायची असतील तर ती बारीक कामं बसवायला जागा लागते. ती जागा घरातल्या एकाच माणसाकडे का, हा प्रश्न विचारल्याशिवाय हा विषय प्रामाणिकपणे लिहिता येत नाही. थोरामोठ्यांच्या चरित्रांत त्यांची शिस्त येते, पण त्या वेळी स्वयंपाक कोण करत होतं ते सहसा येत नाही.

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती उभी केली. विद्यार्थिनी साठीच्या पुढच्या, काही नव्वदीकडे झुकलेल्या. गणवेश गुलाबी साडी, हातात पाटी-पेन्सिल, शिकवायला गावातलीच एक सून. शाळेची वेळ दुपारी दोन ते चार. ती पहाटे पाचची नाही आणि रात्री आठचीही नाही. सकाळची कामं उरकलेली, शेतावरची धांदल थांबलेली, संध्याकाळची चूल अजून लांब. त्या बायकांच्या दिवसात हीच एक जागा मोकळी होती, आणि शाळा त्या जागेत येऊन बसली. दृष्टी अधू, कान कमी, आज शिकलेलं अक्षर उद्या आठवेल याची खात्री नाही, पण रोज दुपारी पाटी. अंगठ्याच्या जागी सही आली. साठ-सत्तर वर्षं जे नशिबात नाही म्हणून सोडून दिलं होतं, ते दुपारच्या दोन तासांत बसलं, कारण त्या दोन तासांत त्यांना कुणी हाक मारत नव्हतं.

तेव्हा या आठवड्यात स्वतःसाठी काही ठरवण्याआधी घरातल्या बाईला विचारा, तिला काय शिकायचं राहून गेलंय. गाडी चालवणं असेल, पेटी असेल, बँकेचा व्यवहार असेल, बारावीचा राहिलेला विषय असेल. तिच्या दिवसातली कुठली वीस मिनिटं मोकळी होऊ शकतात, ते तिलाच ठरवू द्या. मग त्या वीस मिनिटांत येणारा फोन, दाराची बेल, दूधवाला, भूक लागलेली मुलं आणि गॅसवरचं दूध हे सगळं तुमच्याकडे घ्या. तिचा सगळ्यात वाईट दिवस असेल त्या दिवशीही.